जागेवरची भूल

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना जे पुढे-मागे झालं ते इथे थोडं सरळ केलं आहे.)



संयोजकांनी फोन करून सांगितलं, "तू डॉक्टर आहेस, आरोग्यावर अर्धा तास बोल. फक्त मधुमेहावर नको, तो इथे सगळ्यांनाच आहे." मग मी विचारलं, कशावर बोलू? तर म्हणाले, "तुझ्या धंद्यावर बोल. तू लोकांना झोपवतेस म्हणे." म्हणजे जेवणाआधी माझं भाषण ठेवण्यामागे काय हिशोब होता ते कळलं.

तर माझा धंदा भुलीचा. ऑपरेशनच्या वेळी ज्या बाई डोक्याशी उभ्या असतात आणि ज्यांचं नाव कोणाच्या लक्षात राहत नाही, ती मी. आज मी झोपवण्याच्या भुलीबद्दल बोलणार नाही. जागेवरच्या भुलीबद्दल बोलणार आहे. दात काढताना हिरडीत देतात ती, टाके घालताना देतात ती, सिझेरियनला कमरेत देतात ती. माणूस जागा राहतो, बोलतो, फक्त तेवढा भाग बधिर होतो. तिच्यावर बोलण्याचं एक कारण शेवटी सांगणार आहे. ते ज्याच्याबद्दल आहे तो इथे तिसऱ्या रांगेत बसला आहे, आणि त्याची परवानगी मी घेतली आहे.

सुरुवात शाळेपासूनच करते. आपल्या शाळेमागे पावसाळ्यात ओहोळाच्या काठाला पिवळ्या बोंडांची रोपं यायची. अक्कलकारा. मधल्या सुट्टीत ते बोंड दाताखाली धरायचं, आणि जीभ झिणझिणून बधिर झाली की एकमेकांना "काळं राळं गोरं राळं" म्हणायला लावायचं. एकदा हा खेळ सुट्टी संपल्यावरही चालू राहिला आणि गुरुजींनी नेमका एकोणतीसचा पाढा विचारला. मला पाढा येत होता. जीभच वळत नव्हती. गुरुजी, तुम्ही तेव्हा दिलेली छडी अन्यायाची होती, हे आज पन्नास वर्षांनी नोंदवते.

ती माझी पहिली जागेवरची भूल. आपल्या आज्या दातदुखीला हेच बोंड चावायला द्यायच्या, नाहीतर दाताखाली लवंग धरायला सांगायच्या. दोन्हींत बधिर करणारं द्रव्य असतं. पण त्याने दाताचं वरवरचं ठणकणं कमी होतं. दात उपटता येत नाही.

उपटता येण्याइतकी भूल जगाला सापडली ती १८८४ साली. व्हिएन्नातला कार्ल कोलर नावाचा तरुण डोळ्यांचा डॉक्टर कोकेनचा द्रव बेडकाच्या डोळ्यात घालून बघत होता. मग त्याने तो स्वतःच्या डोळ्यात घातला आणि बुबुळाला टाचणीचं डोकं लावून पाहिलं. काही जाणवलं नाही. त्याआधी डोळ्याचं ऑपरेशन म्हणजे माणसाला धरून ठेवायचं. पण कोकेनची चटक लागते आणि ते जीवावरही बेतू शकतं, म्हणून दुसरं काहीतरी शोधणं भाग होतं.

आज आपण जे वापरतो ते लिग्नोकेन, म्हणजे सगळे ज्याला झायलोकेन म्हणतात ते, स्वीडनमध्ये सापडलं. त्याची गोष्ट आपल्या अक्कलकाऱ्यासारखीच आहे. १९३०च्या दशकात तिथले रसायनशास्त्रज्ञ सातूच्या रोपातल्या एका द्रव्याचा अभ्यास करत होते. त्यासाठी बनवलेल्या एका पदार्थाची एकाने चव घेतली, आणि जीभ बधिर झाली. त्या धाग्यावरून निल्स लोफग्रेन या संशोधकाने कित्येक वर्षं एकामागून एक पदार्थ बनवले, आणि १९४३ साली लिग्नोकेन तयार झालं. त्याचा तरुण सहकारी बेंग्ट लुंडक्विस्ट याने ते आधी स्वतःलाच टोचून घेतलं. १९४८ मध्ये ते बाजारात आलं. आजही पेणच्या कुठल्याही दवाखान्यात तीच बाटली असते.

आता ही भूल करते काय? आपल्या नसांच्या अंगावर बारीक बारीक दारं असतात. बोटाला टाचणी टोचली की तिथली दारं उघडतात, मिठात असतं ते सोडियम आत शिरतं, त्याने पुढची दारं उघडतात, त्यांनी त्यापुढची. अशी ती बातमी दारोदार उड्या मारत मेंदूपर्यंत जाते. लिग्नोकेन काय करतं, तर नसेच्या आतल्या बाजूने जाऊन या दारांना खीळ घालतं. बातमी निघते, पण वाटेत अडते. टाचणी टोचलेलीच असते. जखम असते तशीच असते. फक्त मेंदूला कळत नाही.

हे एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सगळ्या नसा एकदम बंद होत नाहीत. आधी दुखण्याच्या आणि थंड-गरमच्या बारीक नसा जातात, स्पर्शाच्या आणि दाबाच्या जाड नसा मागून. म्हणून दात काढताना तुम्हाला ओढल्याचं कळतं, दुखत नाही. पुष्कळ लोक तेव्हा घाबरून ओरडतात, "अहो मला कळतंय!" कळू दे. दुखतंय का ते सांगा. आणि दाढेखाली पू झाला असेल तर डॉक्टर आधी गोळ्या देऊन परत का पाठवतात, त्याचंही कारण आहे. पू झालेली जागा आंबट असते, म्हणजे तिथे आम्ल वाढलेलं असतं. त्या आम्लात हे औषध नसेच्या आत शिरतच नाही. चार सुया मारल्या तरी भूल नीट चढत नाही. तिथे डॉक्टरला कच्चा ठरवू नका.

चहाच्या वेळी तिघी मैत्रिणींनी मला कोपऱ्यात गाठून तेच विचारलं जे मला गेली तीस वर्षं प्रत्येक लग्नात विचारलं जातं. "बाळंतपणात मणक्यात सुई दिली तेव्हापासून कंबर दुखते, त्याच सुईने ना?" नाही गं. ती सुई मणक्यात नसते, दोन मणक्यांच्या मधून जाते. आणि ज्या जागी देतो तिथे मज्जारज्जू नसतोच, तो वरच संपलेला असतो. टोचलेली जागा चार-आठ दिवस हुळहुळते. काहींचं डोकं दुखतं, ते मात्र सुईमुळेच, मणक्यातलं पाणी झिरपल्यामुळे. ही सुई १८९८ मध्ये ऑगस्ट बीअर या जर्मन सर्जनने सुरू केली तेव्हा त्याने आणि त्याच्या मदतनीसाने ती एकमेकांवर करून पाहिली आणि दोघांनाही डोकेदुखी झाली. पण वीस वर्षं टिकणारी कंबरदुखी सुई न घेतलेल्या बायकांनाही तितकीच असते. नऊ महिने पोट पुढे, मग मूल कडेवर, डोक्यावर हंडा, आणि भाताच्या लावणीला दिवसभर ओणवं. तिला सुई कशाला लागते?

आणखी एक. जागेवरची भूल दिली की मी पेशंटशी सारखी बोलत राहते. कुठलं गाव, यंदा कोलम लावला की रत्ना, मुलगी कितवीत. नर्सेस हसतात, म्हणतात मॅडमना गप्पांची हौस. हौस आहेच, पण ते कामही आहे. या औषधाला मोजमाप असतं. साधं लिग्नोकेन माणसाच्या वजनाच्या दर किलोला साधारण तीन मिलिग्रॅम. दोन टक्क्यांच्या बाटलीत एका मिलीलीटरमध्ये वीस मिलिग्रॅम असतं. म्हणजे पन्नास किलोच्या बाईला साडेसात मिलीलीटर झालं की हात आखडायचा. त्याहून जास्त झालं, किंवा चुकून रक्तवाहिनीत गेलं, तर ते मेंदूच्या आणि हृदयाच्या दारांनाही खीळ घालायला लागतं. आधी ओठ झिणझिणतात, तोंडात धातूची चव येते, कानात गुंई होतं, बोलणं जड होतं. मग झटका येतो. हे पहिलं जड झालेलं बोलणं मला ऐकू यायचं असेल तर पेशंट बोलता हवा. म्हणून गप्पा.

आपलं गाव विनोबांचं. ११ सप्टेंबरला आपण झाडू घेऊन निघायचो, त्या जन्मघराच्या अंगणापासून. विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठरोग्यांसाठी काम सुरू केलं, हे आपल्याला गुरुजींनी पाचवीत सांगितलं होतं. सरकारी नोकरीत मी रुजू झाले तेव्हा माझं पहिलं काम निघालं ते तेच. वाडी-वाडीवर जाऊन अंगावरचे फिकट चट्टे बघायचे, डोळे मिटायला सांगून पिसाने, टाचणीने तपासायचं, कळतं का? एका कातकरी आजींच्या दोन बोटांची पेरं गेली होती. रोगाने नव्हे. चुलीवरचं भांडं त्या हाताने उचलायच्या आणि भाजलेलं कळायचं नाही. मी देते ती बधिरता तासाभराची असते, मी शेजारी उभी असते. त्यांची कायमची होती, आणि शेजारी कोणी नव्हतं. दुखणं ही राखण आहे, हे मी त्या आजींच्या हातावर पाहिलं होतं. तरीही पुढची चूक मी केलीच.

आता ज्यासाठी उभी राहिले तिकडे येते.

आपल्या सातवीच्या गॅदरिंगमध्ये एकनाथांचं विंचवाचं भारूड बसवलं होतं. ज्याला विंचू चावतो त्याचं काम केलं होतं मागच्या बाकावरच्या आपल्या एका मित्राने. असा काही नाचला की पाटलांची म्हातारी खरंच विचारत होती, पोराला उतारा दिला का? नाव घेत नाही, तुम्ही सगळे त्याच्याकडे बघायलाच लागला आहात.

सातवीनंतर मी पेणला गेले, मग मुंबईला. तो शेतीत राहिला. १९८९ च्या मे महिन्यात मी आपल्याच जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. नोकरीला वर्षही झालं नव्हतं. त्या भागात त्याची सासुरवाडी होती, हे मला माहीतच नव्हतं. पावसाच्या आधी सासऱ्यांच्या घराची कौलं परतायला तो आला होता. कौलाखाली हात घातला आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाला विंचू चावला. लाल, लहानसा. काळा मोठा इंचू दिसायला भयंकर, पण आपल्याकडे जीव घेतो तो हा करंगळीएवढा लाल.

दुपारी चारच्या सुमारास सायकलच्या मागे बसून आला. मेहुणा सायकल चालवत होता, बायको मागून चालत. मला बघून तशा कळांतही म्हणाला, "अगं तू! आता भारूड खरं झालं." बोट आणि मनगट धरून तळमळत होता. मी काय केलं, तर शिकवलं होतं तसं बोटाच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी लिग्नोकेन दिलं. साधं. बोटात ॲड्रेनालिन मिसळलेलं द्यायचं नाही, हे चोख पाळलं. पाच मिनिटांत बोट बधिर. त्याचा चेहरा असा उघडला, की मला माझंच कौतुक वाटलं. बाहेर बाकावर पाच-सहा माणसं बसली होती, त्यांच्यासमोर हात हलवून दाखवतो आहे, "बघा, आमच्या वर्गातली पोरगी!"

तेव्हा त्याची बायको म्हणाली, "डॉक्टरीणबाई, यांचा शर्ट भिजलाय घामाने. आणि वाटेत दोनदा उलटी झाली."

मी म्हटलं, "वहिनी, मे महिना आहे. आणि कळांनी होते उलटी."

आणि त्याला घरी सोडलं.

इथे थांबून तुम्हाला महाडचं सांगायला हवं, नाहीतर मी काय केलं ते नीट कळणार नाही. डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आले. लाल विंचू चावलेली धडधाकट माणसं, पोरं, डोळ्यांदेखत मरत होती. डॉ. बावस्कर, आणि पुढे त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी, पेशंटच्या खाटेशी रात्र-रात्र बसून लिहून ठेवत गेले, की मरणाच्या आधी काय काय होतं. भरपूर घाम. उलट्या. तोंडाला लाळ. हातपाय गार पडणं. पुरुषांत लिंग ताठ राहणं. गुरुजी माफ करा, पण हे लाजेने कोणी डॉक्टरला सांगत नाही म्हणून माइकवर सांगते. मग रक्तदाब चढतो, हृदय थकतं, फुप्फुसात पाणी भरतं. ही लक्षणं त्यांनी १९८२ साली 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या नियतकालिकात मांडली. १९८६ साली त्याच नियतकालिकात प्राझोसिन या गोळीबद्दल लिहिलं. रक्तदाबासाठीची स्वस्त गोळी, पण विंचवाच्या विषाने आवळलेल्या रक्तवाहिन्या ती सैल करते. आधी अशा गंभीर झालेल्या शंभर पेशंटांतले पंचवीस-तीस दगावायचे. गोळी आल्यावर ते दोन-तीनांवर आले, नंतर त्याहूनही खाली. कोकणातल्या एका दवाखान्यात बसून केलेलं हे काम आज जगभर वापरतात. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

म्हणजे १९८९ साली हे छापून आलं होतं. आपल्याच जिल्ह्यातलं काम होतं. मी ते वाचलेलंही होतं. वहिनींनी दोन लक्षणं माझ्या हातात आणून दिली होती. आणि मी त्यांना हवामान सांगितलं.

कारण दुखणं थांबलं होतं. मघाशी दारांचं सांगितलं ना? विंचवाच्या विषाचं कामही त्याच दारांवर चालतं. फक्त उलटं. भूल दारांना खीळ घालते, विष ती उघडी धरून ठेवतं. मी बोटातली दारं बंद केली होती. तोवर विष रक्तातून सगळ्या घरभर गेलं होतं आणि एकेक दार उघडत सुटलं होतं. बोट गप्प होतं, म्हणून मी समजले घर शांत आहे. खरं तर जिथे कळा फार आणि बाकी काही नाही, तो पेशंट बहुतेक सुखरूप असतो, रात्र ओरडून काढतो आणि सकाळी कामाला लागतो. विंचू उतरवणाऱ्यांना यश येतं ते यामुळेच. आघाड्याचं मूळ लावा, कांदा चोळा, मंत्र म्हणा, काही तासांनी कळा आपोआप ओसरतात. जो मरतो तो कळांनी मरत नाही.

रात्री एकच्या सुमाराला त्याला बैलगाडीतून आणलं. आडवा होत नव्हता, बसूनच श्वास ओढत होता. हात कोपरापर्यंत बर्फासारखे. खोकल्याबरोबर गुलाबी फेस. बधिर बोट तोवर जागं झालं असणार, पण त्याची तक्रारच नव्हती.

माझ्या आधीच्या डॉक्टरांनी महाडचं ऐकून स्वतःच्या खिशातून प्राझोसिनच्या चार पट्ट्या आणून कपाटात ठेवल्या होत्या. त्या माझ्या हुशारीने तिथे नव्हत्या. त्या अवस्थेत त्याला हलवणं धोक्याचं होतं. ऑक्सिजन लावला, फुप्फुसातलं पाणी उतरायला इंजेक्शन दिलं, गोळी दिली. मग दर तीन तासांनी गोळी, आणि मध्ये फक्त त्याचे हात चाचपत बसायचं. महाडच्या डॉक्टरांनी लिहून ठेवलं होतं, हातपाय गरम होईपर्यंत गोळी द्यायची. एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने वहिनी. आम्ही दोघी एकमेकींशी एक शब्द बोललो नाही. सकाळी दहाच्या पुढे त्याची बोटं कोमट झाली. वहिनींना माझ्या आधी कळलं.

तो वाचला, आणि त्या दिवसापासून सांगत सुटला की डॉक्टरीणबाईने मला यमाच्या दारातून आणलं. लग्नात, जत्रेत, ग्रामसभेत. आज सकाळी ओळख करून देताना संयोजकांनीही तेच सांगितलं, आणि तुम्ही टाळ्या वाजवल्या. पस्तीसहून जास्त वर्षं मी त्या टाळ्या घेते आहे. आधी गप्प बसले ते नोकरीच्या भीतीने, मग संकोचाने, मग सवयीने. पुढे भुलीचं शिक्षण घेतलं त्यात त्या रात्रीचा वाटा आहे, हेही मी कधी कोणाला सांगितलं नाही.

महिन्यापूर्वी या भाषणाचं ठरलं तेव्हा त्याच्या घरी गेले. दोघांना समोर बसवून सांगितलं, की दुपारीच थांबवून ठेवलं असतं आणि घाम-उलटीकडे बघून गोळी सुरू केली असती, तर रात्र तशी गेली नसती. मी तुला वाचवलं त्याच्या आधी मी तुला घरी पाठवलं होतं. तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तरीच. केसपेपर दोनदा काढायला लागला होता."

तुम्ही हसताय. तोही हसला. वहिनी हसल्या नाहीत. त्या आत गेल्या आणि पत्र्याच्या पेटीतून एक घडी केलेला कागद घेऊन आल्या. दुपारचा केसपेपर. रात्रीचा सरकारजमा झाला असेल, हा त्यांनी ठेवला होता. माझं अक्षर. विंचूदंश, झायलोकेन दिले, वेदना थांबल्या, घरी सोडले. एवढंच. नाडी लिहिलेली नाही, रक्तदाब लिहिलेला नाही. घाम आणि उलटीचा उल्लेख नाही. त्या म्हणाल्या, "मला इंग्रजी वाचता येत नाही. यात मी सांगितलेलं लिहिलंय का, एवढं सांगा." मी सांगितलं, नाही लिहिलेलं.

त्यानंतर चहा झाला.

आता कामाचं सांगते, कारण पावसाळा तोंडावर आहे आणि तुमच्यातल्या निम्म्यांच्या घरी अजून कौलं आहेत, पेंढा आहे, लाकडाचा ढीग आहे. कौलाखाली, पेंढ्यात हात घालण्याआधी काठीने हलवा. चपला झटका. विंचू चावला तर पट्टी आवळून बांधू नका, चिरा देऊ नका. दवाखान्यात जा. तिथे जागेवर भूल दिली तर घ्या, फुकट कळा सोसण्यात काही पुण्य नाही. पण दुखणं थांबलं म्हणून लगेच निघू नका. मूल असेल तर मुळीच निघू नका. काही तास तिथेच बसा. घाम, उलटी, लाळ, हातपाय गार, खोकला, धाप, यातलं एक जरी दिसलं तरी सांगा. डॉक्टर म्हणाले उन्हाळा आहे, तर पुन्हा सांगा. आता प्राझोसिन आहे, लाल विंचवाचं प्रतिविषही आहे. दोन्ही एकत्र दिली तर पेशंट नुसत्या प्राझोसिनपेक्षा लवकर बरा होतो, हे बावस्कर पतीपत्नींनीच महाडला सत्तर पेशंटांवर तपासून २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापलं आहे. प्राझोसिनची गोळी दिल्यावर पेशंटला एकदम उठवून चालवू नका, रक्तदाब पडतो आणि चक्कर येते.

तो केसपेपर मी आज बरोबर आणला आहे. स्मरणिकेत जागा असेल तर संपादकांनी माझ्या भाषणाशेजारी छापावा, त्याचं नाव झाकून. मात्र काम झालं की माझ्याकडे परत द्या. वहिनींनी बजावून सांगितलं आहे, तो कागद त्यांना पेटीत परत हवा आहे.